गॉडझिलाच्या पाठीवरचे पत्रे

काही वर्षांपूर्वी एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांपुढे बोलायला गेलो होतो. विषय होता ‘प्राण्यांचे आकारमान’. जेवणानंतरचा तास. मुलांना झोप येऊ नये म्हणून मी फळ्यावर गॉडझिलाचे एक ओबडधोबड चित्र काढले आणि हा प्राणी उभा का राहू शकणार नाही, याचे गणित मांडायला सुरुवात केली.

गणित सोपे आहे. टायरॅनोसॉरस हा खराखुरा डायनोसॉर जमिनीपासून डोक्यापर्यंत पाचेक मीटर उंच आणि वजनाला सात-आठ टन होता असे धरू. १९५४ सालच्या जपानी चित्रपटातला गॉडझिला ५० मीटर उंच. म्हणजे लांबी, रुंदी, उंची सगळेच दहा पट. घनफळ, आणि म्हणून वजन, १० × १० × १० म्हणजे हजार पट झाले. पण ते वजन पेलणाऱ्या मांडीच्या हाडाचा आडवा छेद घेतला तर त्याचे क्षेत्रफळ १० × १० म्हणजे फक्त शंभर पट होते. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहा पट भार. गॉडझिलाने पहिले पाऊल टाकताच त्याची मांडी मोडली पाहिजे. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली आपल्या शेवटच्या ग्रंथात हाडाचे चित्र काढून सांगितली होती. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली याच विषयावर एक लहानसा, अतिशय वाचनीय निबंध लिहिला आणि त्यात गोष्टींमधल्या साठ फुटी राक्षसांच्या मांड्या मोडून दाखवल्या. (हेच हाल्डेन १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.)

मुले हसली, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, पण त्याच्या पाठीवर ते पत्रे कशाला आहेत?”

मी म्हणालो, “अरे, जो प्राणी असूच शकत नाही, त्याच्या पाठीवर काय आहे याला काय अर्थ?” वर्ग पुन्हा हसला. मुलगा खाली बसला.

परतीच्या एस.टी.त माझ्या लक्षात आले, की त्या तासातला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. त्याला उत्तर होते, आणि मला ते माहीत नव्हते. मी मांडी मोडण्यात इतका रमलो होतो, की समोरच्या मुलाने त्या प्राण्याकडे माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिले आहे, हे मला दिसले नाही. या लेखात त्या प्रश्नाचे उशिरा शोधलेले उत्तर आहे. ते शोधताना मी अशा माणसांच्या जगात जाऊन पडलो, ज्यांना या अशक्य प्राण्यांबद्दल मनापासून माया आहे. ती माया बावळट नाही, असे आता माझे मत आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट १५ मेगॅटनचा झाला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक. धोक्याची म्हणून जाहीर केलेल्या हद्दीबाहेर जपानची एक मासेमारी बोट होती, दाइगो फुकुर्‍यू मारू. तिच्यावरच्या २३ कोळ्यांच्या अंगावर काही तास पांढरी राख पडत राहिली. ती प्रवाळाची किरणोत्सर्गी राख होती. बोटीवरचा रेडिओचालक कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ हा चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याची सुरुवातच समुद्रात अचानक झालेल्या लखलखाटाने आणि बुडणाऱ्या बोटीने होते. हिरोशिमाला तेव्हा अवघी नऊ वर्षे झाली होती. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धानंतर चीनमधून परतताना हिरोशिमातून गेला होता. ‘गोजिरा’ हे नावही जोडकाम आहे : ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा. इंग्रजीत त्याचा ‘गॉडझिला’ झाला.

प्राण्याचा आकार ठरवताना कलादिग्दर्शक अकिरा वातानाबे आणि शिल्पकार तेइझो तोशिमित्सु यांनी डायनोसॉरची चित्रे समोर ठेवली. धड टायरॅनोसॉरसचे, काही भाग इग्वानोडॉनचा, आणि पाठीवरचे पत्रे स्टेगोसॉरसचे. खडबडीत कातडी पाहून अणुबॉम्बच्या भाजण्यातून वाचलेल्यांच्या अंगावरचे व्रण आठवतात, असे पाहणाऱ्यांना आजवर वाटत आले आहे. खऱ्या सृष्टीत हे तीन प्राणी एकत्र कधीच नव्हते. स्टेगोसॉरस हा टायरॅनोसॉरसच्या सुमारे आठ कोटी वर्षे आधीचा. म्हणजे टायरॅनोसॉरस काळाच्या हिशेबाने स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा आहे!

तर ते पत्रे स्टेगोसॉरसचे. आणि स्टेगोसॉरसच्या पाठीवर ते कशाला होते? ऑथनिएल मार्श या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाने १८७७ साली या प्राण्याला नाव दिले तेव्हा ही हाडांची पाने पाठीवर कौलांसारखी आडवी बसत असावीत, असे त्याला वाटले. म्हणून स्टेगोसॉरस, म्हणजे ‘छपराचा सरडा’. पुढे ती उभी होती हे कळले. मग वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, संरक्षणासाठी. पण ती पातळ आहेत आणि कुशी उघड्याच राहतात. कोणी म्हणाले, अंगातली उष्णता कमी-जास्त करण्यासाठी, कारण त्यांत रक्तवाहिन्यांच्या खुणा आहेत. कोणी म्हणाले, जोडीदाराला किंवा शत्रूला दाखवण्यासाठी. हा वाद पुरता मिटलेला नाही. म्हणजे काल्पनिक प्राण्याच्या पाठीवरच्या पत्र्यांबद्दल विचारणारा तो मुलगा खऱ्या प्राण्याबद्दल शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला प्रश्न विचारत होता, आणि मी त्याला खाली बसवले होते.

गॉडझिलाची ती शेपूट जमिनीवर ओढत ताठ उभे राहण्याची ढब आता जुनाट वाटते. पण १९५४ साली संग्रहालयांत आणि पुस्तकांत डायनोसॉर तसेच उभे असत. येल विद्यापीठाच्या संग्रहालयात रुडॉल्फ झालिंगर याने १९४७ साली पुरे केलेले प्रचंड भित्तिचित्र आजही पाहायला मिळते. त्यातला टायरॅनोसॉरस असाच उभा आहे. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ साली डायनोनिकस या चपळ डायनोसॉरचे वर्णन केले, आणि त्यानंतरच्या काळात पाठ आडवी, शेपूट हवेत, असे आजचे चित्र हळूहळू रूढ झाले. म्हणजे गॉडझिलाच्या पाठीच्या कण्यात १९५० च्या सुमाराचे जीवाश्मशास्त्र गोठून राहिले आहे.

ताठ उभे राहण्याचे दुसरे कारण अगदीच घरगुती आहे. आत माणूस होता.

विशेष दृश्यांचा प्रमुख एइजी त्सुबुराया १९३३ सालच्या ‘किंग काँग’ने भारावलेला होता. त्या चित्रपटात बाहुली किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची, अशी पद्धत वापरली होती. त्सुबुरायापाशी तेवढा वेळ आणि पैसा नव्हता. त्याने बांबू आणि तारेच्या सांगाड्यावर रबराचा पोशाख चढवला आणि त्यात हारुओ नाकाजिमा या नटाला उभे केले. पहिला पोशाख शंभर किलोच्या आसपास होता आणि इतका ताठ, की नाकाजिमा त्यात दहाएक मीटर चालून कोसळला. तो कापून फक्त पायांच्या दृश्यांसाठी वापरला आणि दुसरा केला. चालण्याची ढब शिकायला नाकाजिमा उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वले आणि हत्ती पाहत बसे. आरोळीही अशीच हाताने घडवलेली. संगीतकार अकिरा इफुकुबे याच्या कल्पनेनुसार डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला, आणि तो आवाज मंद गतीने वाजवला.

इथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक सुंदर उदाहरण आहे. टोकियोची प्रतिकृती १ : २५ प्रमाणात होती, म्हणजे ५० मीटरचा गॉडझिला २ मीटरचा, माणूस मावेल एवढा. आता ५० मीटरवरून निसटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. २ मीटरवरून सुमारे ०.६४ सेकंद. गुणोत्तर ५, म्हणजे २५ चे वर्गमूळ. प्रतिकृतीतली इमारत कोसळते तेव्हा ती पाच पट घाईने कोसळते, आणि म्हणून खेळण्यातली वाटते. उपाय असा, की कॅमेरा जलद चालवायचा आणि चित्रपट नेहमीच्या वेगाने दाखवायचा. सेकंदाला २४ चौकटींऐवजी १२० घेतल्या तर हिशेब पुरा जमतो. प्रत्यक्षात प्रकाश, फिल्म आणि कॅमेरा यांच्या मर्यादा असतात, त्यामुळे तडजोड करावी लागते. पण गॉडझिलाची ती जड, संथ चाल या वर्गमुळातून आली आहे. ज्या घन-वर्गाच्या नियमाने मी त्याची मांडी मोडली, त्याच्याच चुलत भावाने त्याला चालवले होते, म्हणा ना.

गॉडझिलावर माया करणारा पहिला माणूस त्या पहिल्याच चित्रपटात आहे. तो जीवाश्मशास्त्रज्ञ आहे. डॉ. यामाने. सगळे शहर या प्राण्याला ठार कसे मारावे या विवंचनेत असताना हा म्हातारा दिवे मालवून खोलीत एकटा बसतो, कारण इतका किरणोत्सर्ग सोसून हा जिवंत कसा राहिला, याचा अभ्यास करावा असे कोणालाच वाटत नाही. दुसरा शास्त्रज्ञ, तरुण सेरिझावा, याने पाण्यातला प्राणवायू नष्ट करणारे एक अस्त्र अपघाताने शोधलेले असते. ते तो एकदाच वापरतो, आधी आपली टिपणे जाळतो, आणि कोणी आपल्याकडून ती कृती काढून घेऊ नये म्हणून समुद्राच्या तळाशी गॉडझिलाबरोबरच मरतो. लहानपणी मी हा चित्रपट पाहिला नव्हता. चाळिशीत, संशोधनाच्या धंद्यात पंधरा-वीस वर्षे काढल्यावर पाहिला, तेव्हा रबरी पोशाखाकडे माझे फारसे लक्षच गेले नाही.

भीतीतून जन्मलेला हा प्राणी पुढे मुलांचा लाडका कसा झाला, याची सगळी हकीकत इथे सांगत नाही. १९५५ साली त्याला भांडायला अँगिरस हा चार पायांचा काटेरी प्राणी मिळाला. आतला नट गुडघ्यांवर रांगत असल्याने त्याचे मागचे पाय दुमडलेले दिसतात. चाहते ते पाहून हसतात आणि त्यासाठीच तो त्यांना आवडतो. १९६१ साली मोथ्रा आली : अंडे, अळी, कोश, पतंग, असे पूर्ण रूपांतरण पडद्यावर करून दाखवणारी, रेशमाच्या देशाला शोभणारी. १९६४ साली तीन डोकी आणि दोन शेपट्यांचा सोनेरी किंग घिदोरा. १९६५ साली दुसऱ्या एका कंपनीने गामेरा हे कासव काढले. ते पाय कवचात ओढून घेते आणि त्या भोकांतून अग्निबाणासारख्या ज्वाळा सोडत, भिरभिरत उडते. याहून अशक्य प्राणी शोधून सापडणार नाही.

खरी भरभराट १९६६ साली दूरचित्रवाणीवर झाली. त्सुबुरायाच्या स्वतःच्या कंपनीने त्या वर्षी ‘अल्ट्रा क्यू’ आणि मग ‘अल्ट्रामॅन’ या मालिका सुरू केल्या. आठवड्याला एक प्राणी! हे आकार काढण्याचे काम मुख्यतः तोरु नारिता या शिल्पकाराकडे होते. १९५४ च्या चित्रपटात तरुणपणी तो इमारतींच्या प्रतिकृती करायला मजुरीवर गेला होता. त्याने काढलेल्या चित्रांवरून र्‍योसाकु ताकायामा हा दुसरा चित्रकार-शिल्पकार पोशाख घडवत असे. नारिताने स्वतःला तीन नियम घालून घेतले होते. एक, हे प्राणी आहेत, भुते नव्हेत. तेव्हा दोन डोकी, दहा हात असले काही नाही. दोन, पृथ्वीवरचा एखादा प्राणी नुसता मोठा करून ठेवायचा नाही. तीन, फाटलेले, रक्त गाळणारे, आतडी बाहेर आलेले शरीर दाखवायचे नाही. मुले पाहणार होती.

हे नियम मी एका कागदावर लिहून टेबलापाशी लावले आहेत. विचित्र आकार हवा, पण तो हिंसेतून नको, आणि आळसातूनही नको. मग तो कुठून आणायचा? नारिताची लढाई एकाच गोष्टीशी होती. आत माणूस असतो, आणि माणसाची आकृती लपत नाही. म्हणून पेस्टार या प्राण्यात दोन माणसे घालून त्याने दोन जोडलेले तारामासे आणि मध्ये वटवाघळासारखे तोंड, असा आकार केला. जामिलामध्ये मानच काढून टाकली आणि डोके सरळ खांद्यांच्या रेषेत बसवले. जामिला हा मुळात माणूसच असतो. पाणी नसलेल्या ग्रहावर अडकलेला, आणि ज्याला पाठवणाऱ्यांनी वाऱ्यावर सोडले असा अंतराळवीर. तिथे त्याचे शरीर बदलते, तो सूड घ्यायला पृथ्वीवर परततो, आणि शेवटी त्याला मारतात ते पाण्याने. ही कथा मुलांच्या मालिकेत १९६६ साली दाखवली गेली. ती पाहणारी जपानी मुले सदऱ्याची कॉलर डोक्यावर ओढून जामिला होत. मान नाहीशी करायची ही युक्ती त्यांनी शिल्पकाराइतकीच अचूक पकडली होती.

पैशाची चणचण मात्र कायमची. तोहोच्या १९६५ च्या एका चित्रपटासाठी बारागॉन नावाच्या प्राण्याचा पोशाख केला होता. तो उसना आणून, डोके बदलून, ‘अल्ट्रा क्यू’मध्ये पागोस झाला. मग त्याचाच नेरोंगा, मग मागुलार, मग मानेभोवती मिटणाऱ्या-उघडणाऱ्या पाकळ्या बसवून गाबोरा. गॉडझिलाच्या जुन्या पोशाखालाही मानेभोवती झालर लावून जिरास असे नाव दिले. आत बऱ्याचदा तोच नाकाजिमा. गोष्टीत अल्ट्रामॅन ती झालर उपटून टाकतो, आणि पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला कळते की हा कोण!

चाहत्यांची माया कशी असते, ते मला इथे कळले. ते पडद्यावरच्या गाबोराच्या धडाकडे, पायांकडे, शेपटीकडे पाहतात आणि त्यातला बारागॉन ओळखतात. कोणता पोशाख कोणत्या वर्षी कापला, कुठे शिवला, कुठे पाणी लागून कुजला, याच्या वंशावळी त्यांनी तयार केल्या आहेत. तुलनात्मक शरीररचनाशास्त्र हेच करते. देवमाशाच्या वल्ह्यात, वटवाघळाच्या पंखात आणि माणसाच्या हातात तीच हाडे ओळखायची, आणि त्यावरून तिघांचा पूर्वज एक हे सांगायचे. फ्रान्स्वा जाकोब या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १९७७ साली एका लेखात म्हटले, की उत्क्रांती अभियंत्यासारखी कोऱ्या कागदावर आराखडा काढत नाही; ती घरातल्या जुन्यापान्या सामानातून काम भागवणाऱ्या माणसासारखी असते. पांडाचा ‘अंगठा’ हा अंगठा नसून मनगटाजवळचे वाढलेले हाड आहे. ते हाड विक्षिप्त दिसते, कारण त्याला इतिहास आहे. नेमके, नीटनेटके, कामापुरते असते तर ते कुठून आले हे आपल्याला कधी कळले नसते. ताकायामाच्या कारखान्यातही तेच चालले होते, फक्त तिथे हे काम कोट्यवधी वर्षांऐवजी आठवड्याभरात उरकायचे होते.

याची उलट तपासणीही झाली. १९९८ साली अमेरिकेत रोलंड एमेरिख याने नवा गॉडझिला काढला. पॅट्रिक टाटोपुलोस या आरेखकाने त्याला आडवी पाठ, लांब पाय आणि सरड्यासारखे तोंड दिले. अणुचाचण्यांमुळे बदललेला इग्वाना, असा त्याचा खुलासा. जीवशास्त्राच्या दृष्टीने तो जुन्यापेक्षा कितीतरी सुसंगत होता. (मांडी त्याचीही मोडलीच असती.) चाहत्यांनी मात्र त्याला नाकारले. त्यांच्या मते हा नुसता मोठा सरडा होता. नारिताचा दुसरा नियम त्यांनी न वाचताच लावला होता. २००४ साली तोहोने आपल्या चित्रपटात या प्राण्याला ‘झिला’ असे नाव देऊन आणले आणि मूळ गॉडझिलाकडून काही सेकंदांत संपवले. असा निकाल आमच्या शोधनिबंधांच्या परीक्षणातही क्वचितच इतक्या झटपट लागतो.

शास्त्रज्ञ म्हणून मला आधी हे खटकले. अधिक शास्त्रीय आकार लोकांना का आवडू नये? आता वाटते, की त्या सरड्यात काही ओळखण्यासारखे नव्हते. स्टेगोसॉरसचे पत्रे नव्हते, १९४७ चे भित्तिचित्र नव्हते, आत घाम गाळणारा माणूस नव्हता. गॉडझिलाच्या नुसत्या उंचीतही एका शहराचा इतिहास आहे. १९५४ साली टोकियोत कायद्याने ३१ मीटरपेक्षा उंच इमारती बांधता येत नसत, तेव्हा ५० मीटर पुरे होते. १९८४ साली त्याला ८० मीटर व्हावे लागले आणि १९९१ साली १००, कारण समोर २४३ मीटरचे नवे महापालिका भवन उभे होते. २०१६ साली तो ११८.५ मीटरवर पोचला. २०२३ सालच्या चित्रपटाची कथा पुन्हा युद्धानंतरच्या उद्ध्वस्त टोकियोत घडते, आणि तिथे तो पुन्हा सुमारे ५० मीटरचा झाला. त्या चित्रपटाला २०२४ साली विशेष दृश्यांचे ऑस्कर मिळाले.

विचित्र आकाराला हसण्याची वेळ शास्त्रज्ञांवरही आली आहे. १९७२ साली ऑक्सफर्डच्या एका सभेत हॅरी व्हिटिंग्टन यांनी ओपाबिनिया या सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्याची आकृती दाखवली. पाच डोळे, पुढे लवचिक नळी आणि तिच्या टोकाला चिमटा. सभागृह हसले. ते चित्र मात्र बरोबर होते. त्याच कॅनडातल्या खडकांतला हॅल्युसिजेनिया १९७७ साली काट्यांवर चालताना दाखवला गेला. १९९१ साली चीनमधल्या जीवाश्मांमुळे कळले, की तो उलटा धरला होता, काटे पाठीवर होते. आणि ज्याला डोके समजत होते तो नुसता डाग होता, खरे डोके दुसऱ्या टोकाला आहे, हे २०१५ साली ठरले. नारिताने असा प्राणी काढला असता तर निर्मात्याने त्याला ‘जरा आवरा’ म्हटले असते.

आणि जीवशास्त्रज्ञांमध्येही चाहते आहेत. १९९३ साली चीनमधल्या क्रिटेशस काळातल्या एका कासवाचे वर्णन झाले. त्याच्या कवचाला दोन्ही बाजूंना पंखांसारखी टोके आहेत. त्याचे नाव सिनेमिस गामेरा. १९९७ साली केनेथ कार्पेंटर यांनी अमेरिकेतल्या ट्रायासिक काळच्या एका मांसाहारी डायनोसॉरला गोजिरासॉरस म्हटले. २०२२ साली जपानच्या सादो बेटाजवळच्या समुद्रातून, स्पंजाच्या आत राहणारा एक वलयांकित कृमी सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्याला डोके एकच, पण शरीर झाडासारखे फुटत जाते आणि शेपट्या अनेक. त्याचे नाव रामिसिलिस किंगघिदोराही. नारिताचा पहिला नियम सृष्टीला मान्य नाही, असे दिसते.

‘अल्ट्रामॅन’चा एक भाग मी आता मुलांना गोष्ट म्हणून सांगतो. काही मुले मोकळ्या जागेतल्या पाइपावर खडूने एक प्राणी काढतात. विश्वकिरणांमुळे तो जिवंत होतो. गावादोन त्याचे नाव. दिसायला पांढऱ्या उशीसारखा, आणि करतो काय, तर नुसता झोपतो. मुले निराश होतात आणि रात्री जाऊन चित्रात शिंगे-काटे वाढवतात. दुसऱ्या दिवशी भयंकर दिसणारा गावादोन उठतो, आणि पुन्हा झोपतो, घोरतो. त्याच्या घोरण्याने शहराचे व्यवहार बंद पडतात. सैन्य येते, अल्ट्रामॅन येतो, तेव्हा मुले रडून सांगतात, याला मारू नका, याने काही केलेले नाही. अल्ट्रामॅन त्याला उचलून आकाशात नेतो आणि त्याचे तारे करतो, आणि दर वर्षी तानाबाताच्या रात्री तुम्हाला भेटवीन असे सांगतो.

गोष्ट झाल्यावर मी कागद वाटतो. प्राणी काढायचा, अट एवढीच, की आत एक माणूस मावला पाहिजे, आणि त्याचे हात, पाय, डोके कुठे गेले ते तुटक रेषांनी दाखवायचे. मग उंची ठरवायची, वजन काढायचे, मांडीवरचा दाब काढायचा. घन-वर्गाचा नियम याच्या शेवटी येतो, आणि मुले स्वतःच पाय जाड करायला लागतात, कोणी प्राण्याला पाण्यात सोडतात, कोणी पोकळ करतात. मागच्या वेळी एका मुलीने डोळे शेपटीला काढले होते. मी कारण विचारले. ती म्हणाली, “आतला माणूस उलटा बसलाय ना सर, त्याला बाहेरचं दिसायला नको?”